किस्सातेनला 'रेट्रो' म्हणू नका

नमस्कार मंडळी. मघाशी चहा घेताना एका काकूंनी विचारलं, "किस्सातेन म्हणजे किस्से सांगायची जागा का हो?" मला ते इतकं आवडलं की 'हो' म्हणावंसं वाटलं! पण जपानीत 'किस्सा' म्हणजे चहापान आणि 'तेन' म्हणजे दुकान. नाव चहाचं, आत मिळते कॉफी. आपण चहाला बोलावतो आणि कॉफी विचारतो, तसंच.

ही दुकानं कमी का झाली, हा आजचा विषय. तिकडे येतेच, आधी एका शब्दाबद्दल बोलू द्या. तिथली तरुण मंडळी या दुकानांना 'शोवा रेतोरो' म्हणतात. शोवा म्हणजे १९२६ ते १९८९चा काळ, आणि रेतोरो म्हणजे आपलं रेट्रो. या शब्दाचा मला त्रास होतो. का, ते सांगते.

तोक्योत जिंबोचो नावाचा जुन्या पुस्तकांचा भाग आहे. पुस्तकवेडी माणसं तिथे गेली की दिवस संपतो, तसा माझाही संपला. भाचा मला मागच्या गल्लीतल्या एका दुकानात घेऊन गेला. लाल मखमली खुर्च्या, पिवळा दिवा, काउंटरपाशी मोजकी आसनं. मालकाला तिथे 'मास्टर' म्हणतात. हे मास्टर सत्तरीचे असतील. त्यांनी पाण्याच्या भांड्यातून फ्लॅनेलचं गाळणं काढलं, पिळलं, टॉवेलात दाबून टिपलं. मग बिया दळल्या. मग किटलीतून पाणी, आधी थेंब थेंब आणि नंतर दोऱ्यासारखी धार. मी दोनदा घड्याळ पाहिलं. कप आला तो छोटासा. कॉफी काळीभोर, दाट, पण जिभेला कुठेही टोचली नाही.

भाच्याकरवी विचारलं, कापड पाण्यात का? मास्टर हातातलं काम बाजूला ठेवून सांगू लागले. कापडात कॉफीचं तेल मुरतं. कापड वाळलं की ते खवट होतं आणि पुढच्या कपाला वास येतो. म्हणून गाळणं कधी वाळू द्यायचं नाही, पाणी रोज बदलायचं. तेवढ्यात दोन मुलं आली. त्यांनी हिरवा क्रीम सोडा, म्हणजे वर आइस्क्रीम घातलेला सोडा, मागवला, खुर्चीचे फोटो काढले, दिव्याचे काढले. आइस्क्रीम वितळून गेलं. क्रीम सोडा मलाही आवडतो, मुलंही गोड होती. पण मास्टरांच्या हातांकडे कोणी पाहिलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं. 'रेट्रो' म्हटलं की नजर खुर्चीवरच थांबते.

तोक्योतल्याच शिबुयातलं 'लायन' नावाचं किस्सातेन मात्र ऐकायला जाच. १९२६चं दुकान, युद्धात जळलं, १९५०मध्ये पुन्हा उभं राहिलं. खुर्च्या सगळ्या स्पीकरकडे तोंड करून, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, आणि गप्पांना मनाई. गाण्याच्या बैठकीला बसलेल्यांना त्याचं नवल वाटणार नाही.

संयोजकांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, मूळ विषय पटकन सांगते.

उएनोत १८८८ साली पहिलं कॉफीगृह निघालं, ते फार टिकलं नाही. युद्धात कॉफीची आयात बंद झाली. १९६०मध्ये कच्च्या बियांची आयात खुली झाली आणि दुकानं भराभर वाढली. १९८१मध्ये दीड लाखाच्या वर गेली. आज निम्मीही नाहीत. १९८०मध्ये 'दोतोर' या कॉफीच्या दुकानसाखळीने तोक्योच्या हाराजुकुत अवघ्या १५० येनला कॉफी द्यायला सुरुवात केली, १९९६मध्ये स्टारबक्स आलं, पुढे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही यंत्राची कॉफी मिळू लागली. पण माझ्या मते मोठं कारण हातांचं आहे. गिंझातल्या 'कॅफे द लांब्र'चे सेकिगुची इचिरो यांनी १९४८मध्ये दुकान काढलं, आणि शंभरी ओलांडल्यावरही ते तिथे येत. असा हात तयार व्हायला वर्षं लागतात, आणि बहुतेक मास्टरांच्या शेजारी शिकायला कोणी उभंच नाही.

जिंबोचोचं ते दुकान गेल्या हिवाळ्यात बंद झालं. लाल खुर्च्या एका नव्या कॅफेने नेल्या, असं भाच्याने कळवलं. गाळण्याचं काय झालं, ते विचारायला मी त्याला सांगितलंय.

बरं, प्रश्न घेऊ या. काकू, तुम्ही आधी.