अर्थ कोण सांगणार?

[दृश्य: सोलापूर, पूर्व भाग. रविवार सकाळ. चर्च भरतं त्या गाळ्याचं शटर वर जातं.]

लाल प्लास्टिकच्या खुर्च्या लावून झाल्यात, कीबोर्डवाला पोरगा वायर खोचतोय, आणि माईकजवळ दोघं उभे आहेत. एक ब्रदर, तेलुगूत संदेश देणारे, आणि शेजारी एक ताई, आठवडाभर विड्या वळतात आणि रविवारी इथं ट्रान्सलेशन करतात. ब्रदर एक वाक्य बोलतात, थांबतात, ताई ते मराठीत सांगतात. कधी ब्रदर जोशात सलग तीन वाक्यं बोलून जातात, मग ताई हात वर करतात की थांबा जरा, मागच्यांना कळू दे. सोलापूरात हे काही विशेष नाही, एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चालतं, भाजीवालीसुद्धा गिऱ्हाईक बघून भाषा बदलते.

पण शेवटचं गाणं संपत येतं, डोळे मिटतात, हात वर जातात, आणि हॉलमधून वेगळाच आवाज यायला लागतो. तो मराठी नाही, तेलुगू नाही, कन्नडही नाही. कुणी रडतंय, कुणी एकच शब्द घोळवतंय, आणि आता ताईंचा हात खाली आहे, त्या स्वतःच डोळे मिटून उभ्या आहेत, याचं ट्रान्सलेशन कुणी करत नाही.

याला म्हणतात अन्य भाषा बोलणं, मानणारे याला पवित्र आत्म्याचं दान मानतात. आणि हे उपासनेत असावं की नसावं यावरून ख्रिस्ती घरांत, अगदी सख्ख्या भावाभावांत, कायमचे वाद झालेत.

[दृश्य: उघडं बायबल, पानांवर बोट फिरतंय.]

सुरुवात प्रेषितांची कृत्ये, अध्याय २ पासून. पन्नासाव्या दिवसाचा सण, यरुशलेम, देशोदेशीचे लोक जमलेले, शिष्यांवर अग्नीच्या जिभांसारखं काहीतरी उतरलं आणि ते बोलायला लागले. मूळ ग्रीकमध्ये जीभ आणि भाषा याला एकच शब्द आहे, ग्लोसा. पण तिथं जमलेल्या प्रत्येकाला ते आपापल्या भाषेत ऐकू आलं. म्हणजे त्या दिवशी सगळ्यांना समजलं, मोठी गोष्ट ती होती असं मला तरी वाटतं.

करिंथमध्ये मात्र चित्र वेगळं. ते दोन बंदरांचं गाव, नाना प्रकारचे लोक, आणि मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, सगळे एकाच वेळी अन्य भाषांत बोलायला लागले, कुणाचं कुणाला कळेना. तेव्हा प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा १४ वा अध्याय लिहिला. तो म्हणतो, मी तुमच्या सगळ्यांपेक्षा जास्त अन्य भाषा बोलतो, पण मंडळीत दहा हजार न कळणाऱ्या शब्दांपेक्षा समजतील असे पाच शब्द मला बरे वाटतात. बोलायचं तर दोघांनी, फार तर तिघांनी, एकामागून एक, आणि एकाने अर्थ सांगावा. अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प बसावं, देवाशी मनात बोलावं. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी, अन्य भाषा बोलायला मना करू नका.

दोन्ही बाजू याच पानावरून भांडतात. एक बाजू फक्त मना करू नका एवढंच वाचते, दुसरी फक्त गप्प बसावं एवढंच.

सोलापूरात १९ व्या शतकात अमेरिकन मराठी मिशन आलं, त्या परंपरेतल्या जुन्या मंडळ्यांत आजही उपासना संगीत हे गीतांचं पुस्तक हातात घेऊन शांतपणे गातात, तिथं कुणी अचानक अन्य भाषेत बोललं तर माना वळतात. त्यांच्यातले काही म्हणतात की हे दान प्रेषितांच्या काळापुरतंच होतं. हे मत नवं नाही, ४ थ्या शतकात क्रिसोस्टम हा धर्मोपदेशक याच पत्राच्या १२ व्या अध्यायावर बोलताना म्हणाला होता की या गोष्टी आता घडत नाहीत म्हणून हा भाग समजायला अवघड जातो. उलट आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल मंडळ्यांत बरेच जण शिकवतात की आत्म्याचा बाप्तिस्मा झाला, म्हणजे पवित्र आत्मा माणसात उतरला, याची पहिली खूणच अन्य भाषा.

आणि इथंच माझ्या आत्याचं दुखणं आहे.

[दृश्य: रिकामी खुर्ची, बाजूला चष्म्याची डबी.]

चाळीस वर्षं विश्वासात असलेली बाई, पहाटे पाचला उठून गुडघ्यावर. एका कन्व्हेन्शनला, म्हणजे मोठ्या प्रार्थना मेळाव्याला, गेली, तिथं तिच्या डोक्यावर हात ठेवून सारखं सांगत होते, बोल, जीभ हलव, सोडून दे, बोल. तिच्या तोंडून काही आलं नाही. मग सगळ्यांसमोर सांगितलं गेलं की हिला अजून आत्मा मिळालेला नाही. घरी येऊन तिने जेवण सोडलं, उपास म्हणून नाही, घास उतरेना म्हणून. कित्येक महिने ती म्हणत होती की माझ्यात काय पाप राहिलंय ते शोधते. मला याचा राग आहे आणि तो मी लपवणार नाही. पौल त्याच पत्रात विचारतो, सगळेच अन्य भाषा बोलतात का, आणि त्याच्या विचारण्यातच 'नाही' हे उत्तर आहे.

[दृश्य: रेल्वेच्या खिडकीतून, केडगाव स्टेशन मागे जातंय.]

सोलापूरहून पुण्याला निघालं की दौंडच्या पुढे केडगाव लागतं. आपण डबा उघडून बसलेलो असतो, लक्ष जात नाही, पण पंडिता रमाबाईंचं निराधार बायका-मुलींसाठीचं मुक्ती मिशन इथलंच. १९०५ च्या जूनमध्ये इथं मुलींमध्ये संजीवन, म्हणजे विश्वासाची नवी लाट, आलं. पेंटेकॉस्टल चळवळ जिथून पसरली असं मानतात त्या लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सेमूर यांच्या सभा सुरू झाल्या १९०६ ला, म्हणजे केडगाव त्याच्या आधी. एका मुलीला आपल्यावर आग उतरली असं वाटलं, आणि दुसरी पाण्याची बादली आणायला धावली, अशी नोंद आहे. पुढे तिथल्या मुली अन्य भाषा बोलायला लागल्या. मिशनमधल्या मिनी अब्राम्स यांनी यावर पुस्तिका लिहिली, ती चिलीमधल्या मैत्रिणीकडे गेली आणि तिथल्या पेंटेकॉस्टल चळवळीला त्यातून चालना मिळाली. केडगावातून चिली, बघा.

रमाबाईंनी या मुलींना गप्प केलं नाही. टीका झाली तेव्हा त्यांची बाजू घेतली, पण अन्य भाषा हीच एकमेव खूण असं त्यांनी मानलं नाही. आणि त्याच आवारात त्या वर्षानुवर्षं हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणत बसल्या होत्या, साध्या मराठीत, खेड्यातल्या अडाणी बाईलाही कळावं म्हणून. १९२२ मध्ये त्या गेल्या, बायबल १९२४ ला आलं. एका भिंतीपलीकडे मुली न कळणाऱ्या भाषेत रडत प्रार्थना करतायत, अलीकडे बाई एकेका शब्दाला मराठी शब्द शोधतेय, आणि दोन्ही एकाच घरात नांदतंय. मला तिथं भांडण दिसत नाही.

अभ्यासकांनीही यात डोकावलंय. विल्यम समरिन या भाषातज्ज्ञाने १९७२ मध्ये मांडलं की यात भाषेसारखी रचना सापडत नाही, बोलणाऱ्याच्या स्वतःच्या भाषेतलेच ध्वनी फिरून येतात. २००६ मध्ये पेनसिल्व्हेनियात पाच बायकांच्या मेंदूचं स्कॅनिंग झालं, त्यात ताबा ठेवणाऱ्या पुढच्या भागाचं काम मंदावलेलं दिसलं. आपण मुद्दाम बोलत नाही, या त्यांच्या सांगण्याशी ते जुळतं. पण ते देवाकडून आहे की नाही हे स्कॅनिंगमध्ये दिसायचं नाही.

[दृश्य: परत तोच हॉल, संध्याकाळ.]

या हॉलच्या पास्टरांनी आता एक केलंय. बुधवारच्या प्रार्थनेला ज्याने त्याने हवं तसं देवाशी बोलावं. रविवारी मात्र माईकवर कुणी अन्य भाषेत बोललं तर अर्थ सांगणारा पुढे येईपर्यंत सगळे थांबतात, कुणी आलं नाही तर माईक बंद आणि पुढचं गाणं. सुरुवातीला दोन घरं नाराज होऊन गेली, त्यातलं एक परत आलं.

आत्या बुधवारी येते. मागच्या भिंतीला टेकून, पंख्याखाली बसते, चष्मा डबीत ठेवते. आजूबाजूला आवाज वाढत जातो आणि ती मराठीतच, हळू आवाजात, नातवंडांची नावं एकेक करून घेत असते. शेजारी त्या ट्रान्सलेशनवाल्या ताई असतात, अन्य भाषेत, डोळ्यांतून पाणी. मधेच आत्याला खोकल्याची उबळ आली की डोळे न उघडताच त्या पाण्याची बाटली तिच्याकडे सरकवतात.