रँकिंगचा हिशेब

अध्यक्ष महाराज आणि सांगलीकर श्रोतेहो,

विजय हजारे यांच्या जन्मगावी स्नूकरवरील व्याख्यानाला एवढे लोक जमतात, यावरून आज गावात क्रिकेटचा सामना नसावा असे दिसते. स्नूकरची जागतिक क्रमवारी बक्षिसाच्या रकमेवरून ठरावी का, हा माझा विषय आहे. पण त्याआधी टेबलाविषयी बोलल्याशिवाय मला राहवत नाही.

बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद अशा या टेबलाच्या दगडी स्लेटला मोठ्या स्पर्धांत खालून ऊब दिली जाते, कारण कापडात ओल शिरली की चेंडूची धाव मंदावते. आमच्या क्लबात, नाव घेत नाही, कृष्णाकाठचा पावसाळा थेट कापडात मुरत असे. तक्रार केली, तेव्हा कार्यकारिणीने टेबलावर प्लायवूड टाकून वार्षिक सभेच्या चहाची सोय केली. प्लायवूडच्या फटीतून झिरपलेल्या चहाचा डाग नेमका तपकिरी चेंडूच्या जागी पडला आणि चिटणीसांनी, ‘आता खूण वेगळी करायला नको,’ असा शेरा मारला. इतिवृत्तात अर्थातच टेबल सुस्थितीत असल्याची नोंद आहे.

अशा देशातला स्नूकरपटू आदित्य मेहता २०१३ साली दिल्लीच्या इंडियन ओपन स्पर्धेत स्कॉटलंडच्या स्टीफन मॅग्वायरला हरवून अंतिम फेरीत पोहोचला. रँकिंग स्पर्धेची, म्हणजे जिचा निकाल जागतिक क्रमवारीत धरला जातो अशा स्पर्धेची, अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय. तिथे चीनच्या डिंग जुनहुईने त्याला ५-० असे हरवले, पण त्याचे मला फारसे दुःख नाही. दुःख याचे, की पुढे मुंबई, हैदराबाद, विशाखापट्टणम असा प्रवास करून ही स्पर्धा २०१९ साली कोचीत झाली आणि मग बंद पडली.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, म्हणून मूळ मुद्दा थोडक्यात मांडतो. २०१४-१५ च्या हंगामापासून क्रमवारी गुणांऐवजी गेल्या दोन वर्षांत जिंकलेल्या रकमेवर ठरते. कोचीत विजेत्याला ५० हजार पौंड मिळाले, तर त्याच वर्षी जगज्जेत्याला ५ लाख. म्हणजे एका जगज्जेतेपदाची बरोबरी करायला दहा इंडियन ओपन जिंकावी लागतील. जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना १८ फ्रेम, म्हणजे डाव, जिंकल्यावर संपतो, आमच्या इंडियन ओपनला पाच पुरत असत. तेव्हा फरक असावा हे मान्य, पण दहापट असावा हे मान्य नाही. शिवाय दोन वर्षांनी ती मोठी रक्कम हिशेबातून एकदम गळते आणि खेळ तोच असूनही खेळाडूचे स्थान घसरते. बक्षिसे आयोजकांनी खुशाल हवी तेवढी द्यावीत. क्रमवारीसाठी मात्र कितव्या फेरीपर्यंत मजल मारली यावर गुण द्यावेत आणि जगज्जेतेपदाला इतर स्पर्धांच्या फार तर तिप्पट वजन असावे. तसे झाले, तर कोचीसारख्या ठिकाणची स्पर्धा टाळण्याआधी क्रमवारीतल्या पहिल्या सोळांतला खेळाडू निदान विचार तरी करील.