आधी वेबिल, मग बेल

श्रोतेहो, नमस्कार. निकाल लागले, पेढे वाटून झाले, आणि आता घरोघरी एकच विषय आहे, नोकरी. आज मी बोलणार आहे नोकरी शोधताना ठेवायच्या नोंदींबद्दल.

हल्ली अर्ज करणं सोपं झालंय. मोबाईलवर बोट टेकवलं की अर्ज गेला. चहा उकळेपर्यंत चार ठिकाणी जातो. आणि पंधरा दिवसांनी फोन आला की आठवत नाही, आपण कुठे काय पाठवलं होतं.

माझे चुलत दीर एसटीत कंडक्टर होते, शिरूर डेपोला. तिकिटाची मशीन यायच्या आधीची गोष्ट. हातात तिकिटांचा ट्रे, पंच, खांद्याला कातडी बॅग आणि बॅगेत वेबिल. तरुण श्रोत्यांना वेबिल ठाऊक नसेल. एसटीचं भाडं टप्प्यावर, सहा किलोमीटरचा एक टप्पा. टप्पा आला की कंडक्टरने प्रत्येक दराच्या तिकिटाचा नंबर कुठवर आला ते वेबिलवर मांडायचं. आठवडी बाजाराची गाडी असो, पायात बोचकी येवोत, भाऊजी वेबिल भरल्याशिवाय बेल देत नसत. मध्येच तपासणीस चढला तर त्याने कागद बघायचा आणि उतरून जायचं, अशी त्यांची ख्याती.

त्यांची मुलगी बी.कॉम. झाली, टॅली शिकली, आणि रांजणगाव, सणसवाडी, चाकण असे सगळीकडे अर्ज टाकत सुटली. एक दिवस गिरणीत दळण घेऊन उभी असताना फोन आला. "मॅडम, तुमचा अर्ज आलाय, मुलाखतीला कधी येता?" गिरणीचा आवाज, त्यात हिने विचारलं, "कोणत्या पदासाठी, सर?" पलीकडून उत्तर आलं, "अर्ज तुम्ही केलाय ना?" आणि फोन बंद. त्या रात्री पोरगी जेवली नाही.

भाऊजी काही बोलले नाहीत. सकाळी त्यांनी एक लांब वही आणली, पट्टी घेतली आणि रकाने आखले. तारीख. कंपनी आणि पद. जाहिरात कुठे पाहिली. कोणता बायोडेटा पाठवला. कोणाशी बोलणं झालं. आणि शेवटचा रकाना, पुढे काय. वही तिच्यापुढे ठेवून म्हणाले, "बाळा, हे तुझं वेबिल. आधी वेबिल, मग बेल. हे भरल्याशिवाय पुढचा अर्ज नाही."

पोरीने वही मनापासून भरली. मग एके दिवशी पुन्हा फोन. मोठ्या कंपनीचं नाव, गोड आवाज, "अभिनंदन, तुमची निवड झाली, गणवेश आणि ट्रेनिंगचे अडीच हजार आजच पाठवा." तिने वही उघडली. त्या कंपनीत अर्ज केलेला होता खरा, पण पुढचे रकाने कोरे. ना कोणाशी बोलणं, ना मुलाखत. तिने शांतपणे विचारलं, "सर, माझी मुलाखत कोणी घेतली आणि कोणत्या तारखेला?" फोन कट! घरात कुणाला तरी मोह पडला असता, अडीच हजार गेले असते. नोकरी देणारा पैसे मागत नाही, श्रोतेहो. आणि गेलेच पैसे, तर लाजत बसू नका, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन करा.

खरा फोन आला तो सणसवाडीहून. वहीत लिहिलेलं होतं, जीएसटीचं काम वर मांडलेला बायोडेटा यांना पाठवलाय. आदल्या रात्री तिने तेवढंच घोटलं, मुलाखतीत तेच विचारलं गेलं. आज ती तिथे अकाउंट्सला आहे. भाऊजी अजूनही ती वही येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात.

तर रकाने पुन्हा सांगते, लिहून घ्या. तारीख, कंपनी आणि पद, जाहिरात कुठली, बायोडेटा कोणता, बोलणं कोणाशी, पुढे काय. "पुढे काय" कोरं ठेवू नका. आठ-दहा दिवसांत उत्तर नाही, तर एक नम्र फोन किंवा मेल, आणि त्याचीही नोंद.

कागदांची फाईल वेगळी. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतंय का, ते आजच बघा. नॉन-क्रिमीलेयर दाखल्याची मुदत 31 मार्चला संपते, ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर हवी. आणि कृपा करून मूळ गुणपत्रिका लॅमिनेट करू नका. मागच्या बाजूला शिक्का मारायची वेळ आली की कागद अडतो. हौसेने लॅमिनेशन करून देणाऱ्या झेरॉक्सवाल्यांवर माझा जुना राग आहे.

सरकारी अर्जाचा नोंदणी क्रमांक, महास्वयम या सरकारी रोजगार पोर्टलला दिलेला मोबाईल नंबर, सगळं वहीत. ईमेल स्वतःचा उघडा, सायबर कॅफेवाल्याचा देऊ नका. कॉल लेटर त्याच्याकडे पडून राहतं आणि तुम्ही घरी वाट बघत बसता.

आणि हो, लग्नाकार्यात भेटणाऱ्या काका-मावशींनो, पंगतीत पोराला "काय, लागली का नोकरी?" असं विचारू नका. विचारायचंच असेल तर तुमच्या कंपनीत जागा आहे का ते सांगा. पोराने तेही वहीत लिहावं, काकांच्या नावासकट.

नोकरी लागली की जिथे मुलाखती दिल्यात तिथे कळवा, त्यांची जागा अडत नाही. वही मात्र ठेवून द्या. रुजू झाल्याची तारीख, नेमणूक पत्राचा क्रमांक आणि पीएफचा यूएएन, म्हणजे कायमचा एकच क्रमांक, तिच्यातच लिहा. पुढच्या नोकरीत नवा यूएएन काढायचा नसतो, हाच द्यायचा असतो. नमस्कार.