बेबिंका: विस्तव वरून

खोबरं खवून झालंय. कोमट पाणी घालून ते वाटायचं आणि फडक्यातून पिळायचं. पहिला रस दाट येतो, बेबिंकाला, म्हणजे गोव्याच्या या थराथरांच्या गोड पदार्थाला, तोच लागतो. दुसरा, पातळ रस दुपारच्या कढीत जाईल. फडक्यात उरला तो चोथा. नारळातलं फायबर बहुतेक इथंच राहिलं.

रसात साखर विरघळली की अंड्यांचे बलक, मैदा, जायफळ. फक्त बलक. जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठात अंड्याच्या पांढऱ्याची खळ कपड्यांना लावत आणि उरलेल्या बलकांचं गोड करत, असं सांगतात. सात थर म्हणजे लिस्बनच्या आणि जुन्या गोव्याच्या सात टेकड्या, असंही. आख्यायिकाच ती, पण सांगणारे रंगून सांगतात.

आता विस्तव कुठे आहे ते बघा. झाकणावर, नारळाच्या सोडणांचे निखारे. तळाचा थर एकदा धरला की पुढच्या प्रत्येक थराला आच वरून हवी. खालून दिली तर तळ करपणार आणि वरचा थर कच्चा राहणार. म्हणून झाकण उचलायचं, चमचाभर तूप, डावभर पीठ, झाकण परत. वरची बाजू तांबूस झाल्याशिवाय पुढचा डाव नाही. या तपकिरी रेघांत रंग घातलेला नाही. बलकातली प्रथिनं आणि साखर भाजून त्या उमटतात. इथं घाई केली की थर एकमेकांत मिसळतात आणि सगळ्याचं मिळून एक साधं पुडिंग होतं. सात थरांत दुपार जाते. सोळा थरांचाही करतात, पण त्या घरात दुसरं काम निघत नसावं.

विजेच्या ओव्हनमध्ये ग्रिलखालीही होतो. दिसायला तसाच, धुराचा वास तेवढा नसतो.

पौष्टिक आहे का? बलकांतून अ आणि ड जीवनसत्त्व, कोलीन हे पोषकद्रव्य मिळतं, आणि दर बलकामागे सुमारे १८० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलही. नारळाची चरबी बहुतांशी संपृक्त, वर तूप, साखर, मैदा. मधुमेह असेल त्यांनी चवीपुरता.

पूर्ण गार झाल्यावर उलटा करायचा आणि मगच सुरी लावायची. बघा, थर कसे मोजता येतात.

२०२३ मध्ये गोव्याच्या बेबिंकाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानांत तो बारमाही असतो. निखाऱ्यांवरचा हवा असेल, तर घरी करणाऱ्यांकडे नाताळच्या बरंच आधी सांगून ठेवावं लागतं.