वणव्याचा खर्च

ऑगस्ट १९१०. अमेरिकेतल्या आयडाहो आणि मोंटाना भागात दोन दिवसांत सुमारे तीस लाख एकर जंगल जळालं. ८०हून अधिक माणसं गेली, त्यांतली बहुतेक आग विझवायला गेलेली. अमेरिकेची वनसेवा तेव्हा जेमतेम पाच वर्षांची होती. या धसक्यातून तिचं धोरण ठरलं. दिसेल तो वणवा विझवायचा. १९३५मध्ये तर फर्मानच निघालं, की आज दिसलेली आग उद्या सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे.

पैशाची ददात नव्हती. १९०८च्या कायद्यानं वणव्यावर तरतुदीबाहेर खर्च करायला मुभा होती, संसद नंतर भरपाई द्यायची. लहान वणवे विझत गेले आणि जंगलात पाचोळा, काटक्या, दाट झुडपं साचत गेली, म्हणजे पुढच्या मोठ्या वणव्यांचं इंधनच.

सत्तरच्या दशकात ही मुभा संपली. पुढे खर्चाचा अंदाज मागच्या दहा वर्षांच्या सरासरीवरून बांधू लागले. पण वणवे दरवर्षी मोठे होत होते, सरासरी त्यांना गाठणार कशी? हंगामाच्या मध्यातच पैसे संपायचे. मग दुसऱ्या कामांचा निधी वळवायचा. त्यात गर्दी झालेली झाडं विरळ करणं आणि गार हवेत ठरवून केलेली जाळणी, ही कामंही अडकायची. म्हणजे पुढचा वणवा लहान ठेवणारी कामंच! या साऱ्या कारभारातली सगळ्यात महाग चूक हीच, असं मला वाटतं. १९९५मध्ये वनसेवेच्या अंदाजपत्रकाचा १६ टक्के भाग वणव्यांवर जायचा. २०१५मध्ये तो निम्म्याच्या वर गेला.

आगीवरचं काम एकजुटीनं कसं चालवायचं, याचा धडा मात्र लवकर मिळाला होता. १९७०मध्ये कॅलिफोर्निया तेरा दिवस जळत होतं. मदतीला आलेल्या यंत्रणांचे रेडिओ एकमेकांशी जुळत नव्हते, पदांची नावंही वेगवेगळी. त्यातून ‘इन्सिडंट कमांड सिस्टिम’ उभी राहिली. आगीच्या तळावर एक प्रमुख, त्याच्या हाताखाली प्रत्यक्ष कारवाई, नियोजन, रसद आणि हिशेब पाहणारे विभाग. देशभरातली पथकं आणि विमानं कुठे पाठवायची, हे आज बॉइसी शहरातलं राष्ट्रीय केंद्र ठरवतं.

पैशाच्या दुरुस्तीला २०१८ उजाडलं. संसदेनं मोठ्या वणव्यांसाठी वेगळा राखीव निधी मंजूर केला. २०२०साठी २२५ कोटी डॉलर, वाढत वाढत २०२७ला २९५ कोटी. आता वळवावळवीची गरज उरू नये. पण विरळणीला आणि जाळणीला पुरेसा पैसा मिळेलच, याची हमी या निधीत नाही. त्या कामांचा पैसा दरवर्षी वेगळा मागावा लागतो. आणि ही कामं बहुधा वणव्याचा हंगाम नसताना होतात, तेव्हा बरेचसे हंगामी कामगार घरी गेलेले असतात. त्यांना बारमाही नोकरी देणं, हा खर्च वणवा पेटायच्या आधी करायला हवा.