फिरत्या स्टँडचा टीव्ही आणि आपली भिंत

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय टीव्हीच्या फिरत्या स्टँडबद्दल. भिंतीतून हात बाहेर येतो, टीव्ही डावीकडे-उजवीकडे वळतो आणि नको तेव्हा परत भिंतीशी जाऊन बसतो, तो हा स्टँड. ३२ ते ४३ इंची टीव्हीसाठी साधारण ५०० ते १,५०० रुपयांत कामाचा स्टँड मिळतो, त्यासाठी पाच-सहा हजार घालायची गरज नाही. मात्र स्टँडवर वाचवलेल्या पैशांतले शे-दोनशे रुपये भिंतीतल्या पकडीवर खर्च करायची तयारी हवी. आजच्या बोलण्याचा बराचसा वेळ मी त्या पकडीलाच देणार आहे.

आधी एक प्रश्न स्वतःला विचारा. फिरता स्टँड आपल्याला लागतो का? समोर एकच सोफा असेल आणि सगळे तिथूनच टीव्ही बघत असतील, तर सपाट पट्टीचा साधा स्टँड घ्या. तो स्वस्त असतो आणि मजबूतही. पण वन बीएचके घरात हॉल हीच बैठक, तेच जेवणघर आणि रात्री तीच निजायची खोली. डोंबिवलीतल्या एका घरी आजींची कॉट खिडकीलगतच्या कोपऱ्यात होती. टीव्ही सोफ्यासमोर सपाट बसवलेला, त्यामुळे आजी उशीला टेकून मान वाकडी करून मालिका बघायच्या. दुपारी बाल्कनीच्या दारातून ऊन थेट पडद्यावर यायचं, मग तेही दिसेनासं व्हायचं. तिथे आम्ही फिरता स्टँड लावला. आता नातू कॉलेजला निघताना टीव्ही आजींकडे वळवून जातो आणि रात्री जेवायच्या वेळी सून तो पुन्हा सोफ्याकडे फिरवते. अशा घरांसाठी हा स्टँड आहे. टीव्हीच्या मागे हात घालून पेन ड्राइव्ह किंवा केबल लावणं सोपं होतं, हा वरचा फायदा.

आता खरेदी. टीव्ही पालथा घालून मागे बघा. चार भोकं दिसतील. त्यांचं आडवं आणि उभं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. हे अंतर प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठेवत नाही. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या व्हेसा नावाच्या संघटनेने त्याची मापं ठरवून दिली आहेत आणि जगभरचे टीव्हीवाले बहुतांशी तीच पाळतात. लहान टीव्हीला १०० बाय १००, ३२ आणि ४३ इंचीला बहुधा १०० बाय १००, २०० बाय १०० किंवा २०० बाय २००, मोठ्यांना ४०० बाय ४००. स्टँडच्या खोक्यावर ही मापं छापलेली असतात. आपलं माप त्यात नसेल, तर दुकानदार कितीही म्हणाला की बसेल, तरी घेऊ नका.

दुसरं वजन. ३२ इंची एलईडी टीव्ही साधारण चार ते सहा किलोचा असतो, ४३ इंची सात ते नऊ किलोचा. नेमका आकडा टीव्हीच्या माहितीपत्रकात मिळेल, तो पायाशिवायचा बघा. खोक्यावर लिहिलेली क्षमता याच्या निदान तिप्पट असावी. स्वस्त मालावरचे आकडे जरा सैल हाताने छापलेले असतात, म्हणून हे अंतर राखायचं.

तिसरी गोष्ट फार थोडे लोक बघतात, ती म्हणजे हाताची लांबी. खोक्यावर १८० अंश फिरतो असं मोठ्या अक्षरांत असतं. स्टँड फिरतो हे खरं, पण टीव्हीची कड भिंतीला लागली की तो तिथेच अडणार. ४३ इंची टीव्हीची रुंदी सुमारे ९६ सेंटिमीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ४८. तो ३० अंशात वळवायचा तर मध्य भिंतीपासून २४ सेंटिमीटर बाहेर यायला हवा. ४५ अंशांत वळवायचा तर ३४. पूर्ण काटकोनात हवा असेल तर ४८. घरी कॉटच्या जागी बसून बघा, किती वळण लागतं याचा अंदाज येईल, आणि त्या हिशोबाने हात निवडा. लागतो त्यापेक्षा लांब हात घेण्यात काही शहाणपण नाही. का ते आता सांगतो.

पाण्याने भरलेली बादली अंगाजवळ धरली तर चालता येतं. तीच हात लांब करून धरली तर खांदा भरून येतो. बादलीचं वजन तेवढंच असतं, खांद्यावरचा जोर वाढतो. आपल्या भिंतीचं तेच होतं. समजा टीव्ही आठ किलोचा आहे आणि स्टँडच्या भिंतीवरच्या पट्टीत वरच्या आणि खालच्या भोकांमध्ये १६ सेंटिमीटर अंतर आहे. टीव्ही मिटलेला, भिंतीपासून सहा सेंटिमीटरवर, तेव्हा वरच्या स्क्रूंना बाहेर खेचणारा जोर तीन किलोंचा. हात ४० सेंटिमीटर बाहेर काढला की तोच जोर २० किलोंवर जातो. शिवाय सपाट स्टँडवर टीव्ही एकदा टांगला की कुणी त्याला हात लावत नाही. हा मात्र रोज ओढला जातो, ढकलला जातो. म्हणून सपाट पट्टीला जी गिट्टी, म्हणजे स्क्रू धरायला भिंतीच्या भोकात बसवायची प्लास्टिकची नळी, पुरते, ती इथे पुरत नाही. आणि म्हणूनच दोन स्टँड सारखे वाटले तर ज्याची पट्टी उभी लांब आहे, तो घ्या. वरच्या आणि खालच्या भोकांत अंतर जास्त, तेवढा वरच्या स्क्रूवरचा जोर कमी.

दुकानात स्टँड खोक्यातून बाहेर काढून बघा. हात पूर्ण ताणा आणि टोक वर-खाली हलवा. सांध्यात खडखड होत असेल तर टीव्ही चढल्यावर तो पुढे झुकणार, मान टाकणार. सांध्यात नायलॉनचे वॉशर आहेत का, वेल्डिंग सलग आहे का, घट्ट-सैल करायचा बोल्ट पान्याच्या आवाक्यात आहे का, एवढं पुरे. रंग, डिझाइन यांच्याकडे लक्ष देऊ नका.

आता भिंत. बाजारातल्या पुष्कळशा स्टँडची घडण अमेरिकेतल्या लाकडी चौकटीच्या भिंती डोळ्यांसमोर ठेवून झालेली आहे. म्हणून पाकिटात लाकडात घुसणारे लांब स्क्रू असतात आणि सोबत ठिसूळ प्लास्टिकच्या गिट्ट्या. आपल्याकडे भिंत विटांची, सिमेंटच्या ब्लॉकची, काँक्रीटची नाहीतर कोकण-गोव्यात चिऱ्याची. तेव्हा ते पाकीट बाजूला ठेवा आणि आपली भिंत कशाची आहे ते आधी शोधा. ठोकून बघितलं तर थोडा अंदाज येतो, पण खरी खूण ड्रिलच्या भुग्यातून मिळते. स्टँडच्या पट्टीमागे झाकली जाईल अशा जागी बारीक बिटने एक भोक घ्या. लाल भुगा आला तर वीट. करडा, पिठासारखा भुगा आला आणि बिट न अडता आत गेला, तर हलका ब्लॉक, ज्याला आपल्याकडे पुष्कळजण सिपोरेक्स म्हणतात. बिट तापतं, पुढे सरकत नाही, तर काँक्रीट. सुरुवातीचा पांढरट भुगा गिलाव्याचा आणि पुट्टीचा, त्यावरून काही ठरवायचं नाही.

पक्क्या विटेच्या भिंतीत १० मिलिमीटरची चांगल्या नायलॉनची गिट्टी आणि तिला साजेसा जाड स्क्रू बसवा. गिलावा दीड-दोन सेंटिमीटर असतो आणि त्याला धरून ठेवायची ताकद नसते. म्हणून गिट्टी गिलावा ओलांडून पूर्ण विटेत गेली पाहिजे, सात-आठ सेंटिमीटर खोल भोक घ्यायला कचरू नका. बिट दोन विटांच्या सांध्यात गेलं आणि भुसभुशीत लागलं, तर पट्टी दोन-तीन सेंटिमीटर वर किंवा खाली सरकवा. त्याच भोकात काडी, कागद कोंबून स्क्रू आवळायची सवय पुष्कळ कारागिरांना आहे. तसं कुणी करू लागलं तर त्याला तिथेच थांबवा.

नव्या टॉवरमध्ये बऱ्याच ठिकाणी सगळ्या भिंती काँक्रीटच्या ओतलेल्या असतात. तिथे लोखंडी अँकर फास्टनर उत्तम. नट आवळला की तो आत फुलतो आणि भिंत सोडत नाही. फक्त सळई लागली तर जोर करू नका, जागा बदला.

सर्वांत जपायचं ते हलक्या ब्लॉकच्या भिंतीला. तिच्यात ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके मारायची सोय, बंद ठेवून नुसतं फिरतं ड्रिल वापरायचं, नाहीतर भोक मोठं आणि वेडंवाकडं होतं. लोखंडी फुलणारा फास्टनर इथे नको, तो ब्लॉक फोडतो. हलक्या ब्लॉकसाठी वेगळ्या लांब गिट्ट्या मिळतात, त्या आणा किंवा केमिकल अँकर, म्हणजे भोकात भरून बोल्ट चिकटवायचा रासायनिक गोंद, वापरा. टीव्ही ४३ इंचीपेक्षा मोठा असेल तर मी एकच सुचवेन. १८ मिलिमीटर प्लायची दोन फूट रुंद फळी आठ ठिकाणी भिंतीला पकडा आणि स्टँड त्या फळीवर बोल्टने बसवा. जोर आठ जागी वाटला जातो. जुन्या वाड्यातल्या मातीच्या भिंतीला आणि जिप्समच्या पातळ पार्टिशनला मात्र फिरता स्टँड लावू नका. तिथे टेबल बरं.

ओल येणारी बाहेरची भिंतही टाळा. पावसाळ्यात पोपडे धरणाऱ्या भिंतीत स्क्रू गंजतात, टीव्हीच्या मागची हवाही दमट राहते. मुंबईत आणि किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्यावेत. दहा-वीस रुपयांचा फरक पडतो.

भोक घेण्याआधी स्विचबोर्ड कुठे आहे ते बघा. वायरचे पाइप बोर्डापासून बहुधा सरळ वर किंवा खाली जातात, त्या उभ्या रेषेत ड्रिल नको. भिंतीपलीकडे बाथरूम असेल तर नळाचे पाइप कुठून गेलेत ते विचारून घ्या. भाड्याचं घर असेल तर मालकाला आधी सांगा, आणि दुपारी दोन ते चार शेजाऱ्यांच्या झोपेच्या वेळी मशीन चालवू नका. बहुतेक सोसायट्यांत तसा नियमच असतो.

उंचीच्या बाबतीत आपल्याकडे एक सवय फार घट्ट बसली आहे, टीव्ही दाराच्या चौकटीइतका उंच लावायचा. त्याने मान दुखते. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण १०० ते ११० सेंटिमीटरवर असतात, पडद्याचा मध्य त्याच्या आसपास हवा. घरात जमिनीवर बसून बघायची पद्धत असेल तर आणखी खाली. फर्निचरमुळे वर लावावाच लागला, तर पुढे झुकणारा स्टँड घ्या आणि टीव्ही खाली वाकवा. पेन्सिलने खुणा करा, लेव्हल पट्टी लावा आणि मगच भोकं घ्या. भोकातला भुगा फुंकून किंवा सायकलच्या पंपाने साफ करा. भुगा राहिला तर गिट्टी घट्ट वाटते, पण धरत नाही.

टीव्हीच्या मागच्या स्क्रूंची लांबी हाही नाजूक मामला आहे. आखूड स्क्रू दोन आट्यांवर लटकतो, लांब स्क्रू आतल्या बोर्डाला भिडतो. भोकात पेनाची रिफिल घालून खोली मोजा, त्यात टीव्हीला लागणाऱ्या पट्टीची जाडी मिळवा. स्क्रू हाताने सहज फिरत गेला पाहिजे. पहिल्याच आट्याला अडला तर स्क्रूची जाडी चुकीची आहे, पान्याने जबरदस्ती करू नका. हे काम टीव्ही गोधडीवर पालथा ठेवून करा आणि उचलताना दोघांनी कडांना धरा. पडद्यावर अंगठा दाबला गेला तरी पॅनेल आतून तडकतं.

टीव्ही चढवण्याआधी भिंतीतल्या स्टँडची परीक्षा घ्या. हात पूर्ण बाहेर काढा आणि टोकाला टीव्हीच्या दुप्पट वजनाची धान्याची पिशवी टांगा. अर्धा तास राहू द्या. मग पट्टीच्या वरच्या कडेला बारकाईने बघा. भिंत आणि पट्टी यांच्यात केसभर फट दिसली, किंवा स्क्रूभोवती पुट्टीला चिरा पडल्या, तर पिशवी उतरवा आणि पकड नव्याने करा. कारागीर घाईत असतो, तो म्हणेल काही होत नाही. तुम्ही मात्र पिशवी टांगल्याशिवाय त्याचे पैसे देऊ नका. खाली लहान मूल खेळणार आहे, म्हणून मी एवढा आग्रह धरतो. बाहेर आलेला हात दिसला की मुलं त्याला लोंबकळतात, तेव्हा टीव्ही बघून झाला की तो मिटून ठेवायची सवय घरात सगळ्यांना लावा. आणि त्याच्याखाली पाळणा किंवा कॉट ठेवू नका.

केबलींची लांबी टीव्ही पूर्ण बाहेर आणि पूर्ण वळवलेला असताना मोजा. नाहीतर पहिल्याच ओढीत सेटटॉप बॉक्स खाली येईल.

महिन्याभराने सगळे बोल्ट एकदा तपासा, नंतर दर सहा महिन्यांनी. सांधा सैल होऊन टीव्ही आपोआप वळू लागला तर बोल्ट पाव फेरा आवळला की भागतं. घर बदलताना टीव्हीच्या मागचे चार स्क्रू आणि वॉशर एका पिशवीत घालून स्टँडलाच चिकटपट्टीने बांधून ठेवा. फास्टनर आणि गिट्ट्या जुन्या भिंतीतच राहू द्या. नव्या घरात पुन्हा भुगा बघून त्या भिंतीला लागतील त्या नव्या आणा.

नमस्कार.