बॉगसाइडच्या भिंती

[दृश्य: चौकात एकटी उभी असलेली पांढरी भिंत, दोन्ही अंगांनी वाहतूक]

या भिंतीमागे घर नाही. रस्त्यासाठी सगळी ओळ पाडली, तेव्हा टोकाच्या घराची ही एक बाजू लोकांनी राखली. पांढऱ्यावर काळी, माणसाएवढी अक्षरं: 'आता तुम्ही मुक्त डेरीत प्रवेश करत आहात'. जानेवारी 1969 मध्ये ती पहिल्यांदा लिहिली गेली आणि त्यानंतर कितीदा तरी गिरवली गेली.

उत्तर आयर्लंडमधल्या या शहराला कॅथलिक लोक डेरी म्हणतात, बरेच प्रोटेस्टंट लंडनडेरी. जुन्या तटबंदीच्या पायथ्याशी बॉगसाइड, कॅथलिक कामगारांची वस्ती. ऑगस्ट 1969 मध्ये तीन दिवस ही वस्ती पोलिसांशी झुंजली. 30 जानेवारी 1972 रोजी इथे नागरी हक्कांच्या मोर्चावर ब्रिटिश सैनिकांनी गोळ्या झाडल्या. त्याच दिवशी 13 जण गेले, चौदावा काही महिन्यांनी.

[दृश्य: रॉसव्हिल स्ट्रीट, ओळीनं चित्रं]

टॉम केली, त्यांचे भाऊ विल्यम आणि केविन हॅसन. या तिघांनी 1994 पासून इमारतींच्या बाजूच्या भिंती एकेक करून रंगवल्या. एकूण बारा. पहिलं चित्र हे: गॅस मास्क लावलेला पोरगा, हातात पेट्रोल बॉम्ब. मूळ छायाचित्र 1969 च्या त्या झुंजीतलं. कित्येक चित्रं करड्या छटांतली आहेत, जुन्या वर्तमानपत्राच्या पानासारखी.

[दृश्य: परांची, बादल्या, खरवडणारे हात]

भिंत रंगवायची म्हणजे आधी खरवडायची. सुटलेले पोपडे काढायचे, ताठ ब्रशनं शेवाळ घासायचं, धुवायचं आणि मग वाट बघायची. घाई नडते ती इथेच. ॲटलांटिकवरून येणारा पाऊस गिलाव्यात मुरलेला असतो. ओल कोंडून वर रंग चढवला, की थोड्याच दिवसांत फुगे धरतात. भिंत पुरती वाळल्यावर अस्तर, त्यावर बाहेरच्या भिंतींसाठीच्या पांढऱ्या रंगाचे दोन हात. 70 चौरस मीटरची खडबडीत भिंत असेल, तर नुसत्या पांढऱ्यालाच तीसेक लिटर लागतात.

कागदावरच्या चित्रावर अडीच सेंटीमीटरचे चौकोन आखायचे, भिंतीवर अर्ध्या मीटरचे. खडूत घोळलेली दोरी दोघांनी ताणून धरायची, मधे चिमटीत उचलून सोडायची. सट्कन सूत पडतं. परांचीवरच्या माणसाला चेहरा कधीच दिसत नाही. त्याच्यासमोर असते एका चौकोनातली नाकपुडी, फार तर ओठाची कड. म्हणून अधूनमधून कुणीतरी खाली उतरतो, रस्ता ओलांडून पलीकडे उभा राहतो आणि तिथून ओरडून सांगतो: डोळा वर गेलाय.

करड्याच्या पाच-सहा छटा पहिल्याच दिवशी मोठ्या डब्यांत पुरेशा कालवून ठेवाव्या लागतात. हा रंग वाळल्यावर किंचित गडद होतो. दुसऱ्या दिवशी अंदाजानं कालवलेली छटा जुळत नाही आणि गालावर ठिगळ लावल्यासारखं दिसतं. पारा 5 अंशांखाली उतरला, की रंग नीट धरत नाही. काम वरून खाली करत यायचं, म्हणजे ओघळ पुसत येता येतं. सगळ्यांत आधी खराब होतो तो तळाचा मीटरभर पट्टा: जमिनीची ओल, गाड्यांनी उडवलेलं पाणी, पोरांचे चेंडू.

[दृश्य: फाउंटन वस्ती, फुटपाथच्या कडा]

तटबंदीला लागूनच फाउंटन, प्रोटेस्टंटांची वस्ती. इथे फुटपाथच्या कडा लाल, पांढऱ्या, निळ्या: ब्रिटिश झेंड्याचे रंग. 1998 मध्ये दोन्ही बाजूंमधला संघर्ष मिटवण्यासाठी शांतता करार झाला. 2010 मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांनी संसदेत 1972 च्या त्या गोळीबाराबद्दल माफी मागितली. मधल्या 38 वर्षांतला मोठा काळ बॉगसाइडची साक्ष या भिंतींनी दिली.

[दृश्य: शाळेच्या गणवेशातली मुलगी. कॅमेरा हळूहळू जवळ]

ॲनेट मॅक्गॅव्हिगन, वय 14. 6 सप्टेंबर 1971 रोजी सैनिकाच्या गोळीनं गेली. हे चित्र 1999 चं. वरच्या अंगाला फुलपाखरू आहे. तेव्हा त्याची नुसती रेघ काढली होती, पंख कोरे. शांतता टिकतेय अशी खात्री वाटल्याशिवाय त्यांत रंग भरायचा नाही, असं चित्रकारांनी ठरवलं होतं.

2006 मध्ये ते परत आले आणि पंख रंगवले.